हेडलुंड साहेबांचं प्रशस्तिपत्र

हेडलुंड साहेब प्रार्थना करताना डोळे मिटत नसत. डोळे मिटले की झोप येते, आणि देवाशी बोलताना पेंगणं उद्धटपणाचं, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे ते खिडकीबाहेर बघत प्रार्थना करायचे आणि खिडकीबाहेर जे दिसेल ते प्रार्थनेत यायचं. "हे बापा, पानी पाडून राह्यला, उपकार हायेत. पन पऱ्हाटीले आता पुरे झालं. थोडं ढाणकीकडं पाठव. आन ती कोनाची बकरी आपल्या मेथीत शिरली, तिच्या मालकाले अक्कल दे. आमेन." आमेन म्हणून ते स्वतःच बकरी हाकलायला बाहेर पडत. देवाने मालकाला अक्कल देईपर्यंत मेथी उरणार नाही, एवढा व्यवहार त्यांना कळत होता.

मी त्यांच्याकडे कामाला लागले तेव्हा एकोणीस वर्षांची होते. नागपूरला नन्सच्या इंग्रजी शाळेत वाढलेली. तिथे देवाशी फक्त इंग्रजीत आणि फक्त हळू आवाजात बोलायची पद्धत होती, मेथीचा विषय निघत नसे. वडील जंगलखात्यात रेंजर. त्यांची बदली दारव्ह्याला झाली आणि मी घरात बसून कोणाशीच बोलत नाही याची त्यांना काळजी वाटू लागली. दारव्ह्यापासून दोन कोसांवरच्या गावात एका बाप्टिस्ट मिशनची शाळा होती. तिथल्या पाद्री साहेबांना इंग्रजी पत्रं टाइप करायला कोणीतरी हवं होतं. चार माणसांत वावरली की बोलायला लागेल, असा वडिलांचा अंदाज. तो चुकला. टाइपरायटरसमोर बसलेल्या मुलीशी कोणी बोलत नाही. लोक तिच्यासमोर एकमेकांशी बोलतात. मला तेच हवं होतं.

महाराष्ट्र होऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती आणि साहेबांना त्या गावात सोळा. सहा फुटांच्या वर उंची, वेचणीला आलेल्या कापसासारखे केस, आणि उन्हाने कायमची लाल झालेली मान. दारव्ह्याचा शिंपी त्यांच्या पायजम्याला कधीच पुरेसं कापड लावत नसे. इतका लांब माणूस असतो यावर त्याचा विश्वासच बसला नव्हता. सगळे पायजमे घोट्याच्या चार बोटं वर थांबत. बोटं एवढी जाड की टाइपरायटरवर एक अक्षर दाबलं की शेजारचंही उठे. माझी नोकरी त्या बोटांमुळे होती.

स्वतःचं चरित्र ते एका दमात सांगत. स्वीडनमध्ये जन्मलो, तिथे जमीन कमी आणि भाऊ जास्त. सोळाव्या वर्षी काकाबरोबर अमेरिकेला गेलो, झाडं तोडली. एक झाड जरा जवळ पडलं, म्हणून पाद्री झालो. मग इकडे पाठवलं. दोनदा देश सोडला, तिसऱ्यांदा सोडायचा कंटाळा आला, म्हणून इथेच आहे. संपलं.

मराठी ते आधी एका पंडिताकडून पुस्तकातून शिकले होते. पहिल्याच आठवड्यात त्यांनी गावात जाऊन ते मराठी बोलून दाखवलं, तर लोक हात जोडून खाली बसले. त्यांना वाटलं, कीर्तन सुरू झालं. मग साहेबांनी ते मराठी पेटीत ठेवून दिलं आणि दारव्ह्याच्या बाजारात व राहेलबाईंच्या चुलीपुढे बसून नवीन शिकले. राहेलबाई म्हणजे वसतिगृहाची स्वयंपाकीण. तीन पिढ्यांची ख्रिस्ती, पन्नाशी ओलांडलेली, आणि साहेबांना न घाबरणाऱ्या माणसांत पहिली.

साहेब कॉफी बशीत ओतून, दातांत गुळाचा खडा धरून प्यायचे. गावाला वाटे, हे आपल्याकडूनच शिकले. साहेब म्हणत, आमच्या गावात म्हातारे असेच पितात, फक्त गुळाऐवजी साखरेचा खडा असतो. यावर राहेलबाईंचं मत असं की देवाने माणूस एकच केला, बशा नंतर वाटल्या.

आता साहेबांच्या धंद्याबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं समजणार नाही. बाप्टिस्ट लोक तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा देत नाहीत. माणूस कळता व्हावा लागतो. त्याने स्वतः ठरवायचं, चारचौघांत स्वतःच्या तोंडाने सांगायचं, आणि मग त्याला पाण्यात पुरता बुडवून वर काढायचं. कपाळावर चार थेंब शिंपडून भागत नाही. म्हणून चर्चच्या मागे एक दगडी हौद होता, दोन्ही बाजूंनी पायऱ्या असलेला. तो वर्षानुवर्षं कोरडा असे, कारण साहेब उमेदवारांची परीक्षा घेत आणि बहुतेकांना नापास करत. प्रश्न एकच, ख्रिस्ती का व्हायचं. "काहून?"

एकाने सांगितलं, मिशनमध्ये शिपायाची नोकरी हवी. साहेब म्हणाले, "नोकरीले पानी लागत नाई, झाडू लागतो," आणि त्याच्या हातात झाडू दिला. मी गेले तेव्हाही तो हिंदू राहून झाडत होता. दुसरा म्हणाला, येशू माझ्या स्वप्नात आला.

"काय म्हनला?"

"म्हनला, पाद्र्याकडं जाय, बाप्तिस्मा घे."

"मले तं काही सांगून नाई गेला," साहेब म्हणाले. "पुन्हा आला तं माझ्याकडं पाठव."

"दुकान मांडून बसले आन गिऱ्हाईक हाकलून राह्यले," राहेलबाई म्हणायच्या.

छप्पन्न साली मात्र हौद भरायची वेळ आली होती. ही गोष्ट मला राहेलबाईंनी सांगितली आणि किसन मनवरनेही सांगितली. दोघांच्या सांगण्यात फरक फक्त शिव्यांचा होता. किसन दारव्ह्याला कापसाच्या जिनात कामाला, आणि त्याच्या वस्तीचा पुढारी. वर्षभर तो आणि आणखी दहा जण साहेबांकडे शिकायला येत होते. अकराच्या अकरा पास झाले होते. ऑक्टोबरातला एक रविवार ठरला. शनिवारभर दोन बैल मोट ओढत होते तेव्हा हौद भरला. रविवारी सकाळी साहेब पांढरे कपडे घालून हौदाच्या पायरीवर उभे राहिले, आणि कोणीही आलं नाही. सगळी वस्ती नागपूरला दीक्षेला गेली होती. साहेब दुपारपर्यंत उभे होते. राहेलबाई म्हणाल्या, "बावा, पानी पाहून पाहून काही वाढत नाई, जेवाले चला," तेव्हा आत गेले.

चार दिवसांनी किसन परत आला. पांढरं धोतर, पांढरा सदरा. घरी न जाता सरळ बंगल्यावर. राहेलबाई भांडण बघायला दारात येऊन बसल्या.

"साहेब, मी आलो नाई," किसन म्हणाला.

"पाह्यलं."

"मी नागपूरले गेलतो. बौद्ध झालो."

"काहून?" साहेबांनी विचारलं.

किसनने सांगायला सुरुवात केली. दुपारी सुरू केलं ते दिवेलागणीपर्यंत. त्याच्या आज्याला कुठल्या विहिरीवरून हाकललं होतं तिथपासून, नागपूरच्या मैदानावर उभं राहून त्याला कुठला शब्द उच्चारताना रडू आलं तिथपर्यंत. साहेबांनी मधे एकदाही तोंड उघडलं नाही. शेवटी म्हणाले, "पास."

मग चहा झाला. मग साहेबांनी खिडकीतून हौदाकडे बघितलं. "आन आता ह्या पान्याचं काय करू?"

त्याच उन्हाळ्यात किसनच्या भावाची मुलगी शेतातल्या विहिरीत पाणी काढताना पडली होती. काठावर आठ-दहा मोठी माणसं होती. कोणालाच पोहता येत नव्हतं. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या पाण्याला हात लावू दिला नव्हता, त्यांना पोहायला कोण शिकवणार? पोरगी सगळ्यांच्या देखत गेली.

"उद्या पोट्टे पाठव," साहेब म्हणाले. "पोट्ट्याही पाठव. पोहनं शिकवतो."

त्यानंतर साहेब येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "किसन मनवर माझा सगळ्यात चांगला बाप्टिस्ट हाये. फक्त तो बौद्ध हाये." किसनही दर रविवारी संध्याकाळी वंदना आटोपून सायकलवर येई, आणि दोघं पायरीवर बसून एकमेकांच्या धर्मातल्या चुका काढत. "तुमच्या येशूनं पान्याची दारू केली, हे काही बरं नाई केलं," किसन एकदा म्हणाला. साहेब स्वतः थेंबालाही न शिवणारे. ते म्हणाले, "मलेही पटत नाई. पन लग्नाचं घर होतं."

पोहणं सुरू झालं आणि आठवड्यात वस्तीत गवगवा झाला. हौद बाप्तिस्म्याचा, बुडवणारा पाद्री, बुडणारी लेकरं आपली. मग ती ख्रिस्ती झाली की नाही? पंधरा दिवसांपूर्वी बौद्ध झालेल्या आईबापांना हा प्रश्न झोपू देईना. सगळे बाप किसनला पुढे घालून हौदावर आले.

साहेब म्हणाले, दोन्ही करून दाखवतो, तुम्हीच फरक बघा. बाप्तिस्म्याला माणूस पाहिजे होता. राहेलबाई म्हणाल्या, "माझा तं झालेलाच हाये, मले काय भेव," आणि लुगडं खोचून हौदात उतरल्या. साहेबांनी त्यांना पाठीमागे झुकवून, तोंड आभाळाकडे, पुरतं बुडवलं आणि वर काढलं. "थंडं हाये ना बावा," म्हणत राहेलबाईंनी चूळ टाकली. मग साहेब सदऱ्यासकट पोटावर पडले आणि हौदाच्या या टोकाहून त्या टोकाला गेले. दोन्ही बाजूंचे बाप भिजले.

"समजलं? पाठीवर बाप्तिस्मा. पोटावर पोहनं."

माना हलल्या. तेवढ्यात किसनची शांता, वय वर्षं आठ, म्हणाली, "पन साहेब, तुमी तं आमाले पयले पाठीवरच तरंगाले शिकवलं."

राहेलबाई सांगायच्या की एवढी शांतता तिथे चर्च चालू असतानाही कधी झाली नव्हती. शेवटी किसनने विचारलं, "साहेब, बाप्तिस्मा घेनारा काही बोलते का?"

"बोलाच लागते. माझा विश्वास हाये, असं सगळ्यांपुढं, स्वतःच्या तोंडानं."

"आन नाई बोलला तं?"

"तं नुसता ओला होते."

किसनने मागे वळून बापांकडे बघितलं, मग पोरांकडे. "आयकलं? हौदात तोंड उघडाचं नाई. तोंड मिटून पोहा."

प्रश्न सुटला. पुढे किसन आणि वस्तीतल्या गवंड्यांनी मिळून हौद दुप्पट लांब केला. सोमवार-गुरुवार मुलं, मंगळवार-शुक्रवार मुली. आणि मी सहा वर्षांनी तिथे गेले तेव्हाही त्या हौदात कोणी चकार शब्द काढत नव्हतं. वीस-पंचवीस मुली ओठ घट्ट मिटून, गाल फुगवून, गंभीर चेहऱ्याने हात मारत जायच्या. बाहेर आल्या की एकदम कलकलाट. का, ते त्यातल्या निम्म्यांना ठाऊकही नव्हतं. हौदाचा नियम आहे, एवढंच. मी स्वतः कधी पाण्यात उतरले नाही, पण न बोलण्याचा नियम असलेली ती एकच जागा मला माहीत होती, आणि मी काठावर बसून राहायची.

शाळा सातवीपर्यंत होती. गावात दुसरी शाळा होती ती चौथीपर्यंत, आणि तिथे वस्तीतली मुलं दाराजवळ बसत. कायद्याने ते बंद झालं होतं, गुरुजींच्या नजरेने नाही. मिशनच्या शाळेत शांता आणि तिच्यासारख्या मुली पहिल्या बाकावर बसायच्या आणि मराठा मुलांशी भूगोलावरून भांडायच्या. ही शाळा अमेरिकेतल्या चर्चांच्या मदतीवर चाले. ती मदत का द्यायची हे ठरवायला दरवर्षी एक छापील तक्ता येई. त्यात एक रकाना होता, या वर्षी किती बाप्तिस्मे झाले. मी तो पहिल्यांदा भरला तेव्हा साहेबांना विचारलं, काय टाइप करू? ते म्हणाले, "गोल काढ." मागच्या वर्षीच्या प्रतीतही गोल होता. त्याच्या मागच्या वर्षी एक. तो एक म्हणजे राहेलबाईंचा जावई. राजूरच्या खाणीत काम करणारा तो माणूस 'काहून'चं उत्तर तीनदा नापास होऊन चौथ्यांदा देऊ शकला होता.

त्या हिवाळ्यात मिशनचे सेक्रेटरी आले. जीपमधून, इस्त्रीचे कपडे घालून. ते अमेरिकन होते, सभ्य होते, आणि असे गोल फार वर्षं बघून दमलेले होते. साहेब दारव्ह्याच्या बाजारात गेले होते, म्हणून सेक्रेटरींना आवार दाखवायचं काम माझ्यावर आलं. मी न बोलता पुढे चालले आणि ते मागून. चर्चच्या मागे आलो तर मंगळवार होता.

सेक्रेटरी जागच्या जागी थांबले. हौदात सव्वीस मुली. एकीच्याही तोंडून आवाज नाही. मिटलेले ओठ, गंभीर चेहरे, काही जणी पाठीवर, डोळे आभाळाकडे. त्यांनी हॅट काढली. हळूच मला विचारलं, या सगळ्या? मी काहीच म्हणाले नाही. मी सहसा काही म्हणत नाही, आणि त्या दिवशी तेच नडलं. त्यांनी खिशातून कॅमेरा काढून दोन फोटो घेतले. त्यांचे डोळे भरून आले होते. इतकी श्रद्धा आपण मिशनच्या कुठल्याच ठाण्यावर पाहिली नाही, असं ते म्हणाले.

दुपारी साहेब आले. जेवणाच्या टेबलावर सेक्रेटरींनी त्यांचा हात हातात घेतला. आपण इतकी वर्षं तुमच्याबद्दल गैरसमज करून घेतला, ते गोल म्हणजे तुमची नम्रता होती, या वर्षी मात्र खरा आकडा लिहा.

"खरा आकडा गोलच आहे," साहेब म्हणाले.

"मग त्या मुली पाण्यात काय करत होत्या?"

"पोहत होत्या."

सेक्रेटरींनी हात सोडला. नंतर बराच वेळ ते एकटेच बोलले, हळू आवाजात, माझ्या शाळेतल्यासारखं. एक तर त्या मुलींना उमेदवार म्हणून नोंदवा, निदान नावं तरी लिहा, नाहीतर ही शाळा कशासाठी चालवायची हे मंडळाला विचारावं लागेल. साहेब बशीतली कॉफी संपेपर्यंत ऐकत होते. "नावं त्यांच्या बापांनी लिहिली आहेत," ते म्हणाले. "हजेरीपटावर. तेवढी पुरेत."

जीपचा ड्रायव्हर राहेलबाईंकडे चहा पीत होता. त्याच्याकडून बातमी फुटली ती एवढीच, की साहेबांवर बालंट आलं आहे, पोरांच्या बाप्तिस्म्यावरून. वस्तीत पोचेपर्यंत तिचा अर्थ लागला होता. त्या काळात मिशनऱ्यांच्या चौकशा होत, फसवून ख्रिस्ती केल्याच्या तक्रारी पेपरात येत. तेव्हा वस्तीने उघड तेच धरलं. कोणीतरी साहेबांवर आळ घेतलाय की ते पोरांना चोरून ख्रिस्ती करतात, आणि वरचे साहेब त्यासाठीच आले होते. आता त्यांची शाळा काढून घेणार.

तीन दिवसांनी किसन सायकलवर आला. साहेब वर्गात होते. त्याने माझ्या टेबलावर एक मोठा कागद ठेवला. खाली अंगठेच अंगठे, मधूनमधून सह्या.

"बाई, याचं इंग्रजी करून द्या. झकास करा. वरच्या साहेबायले पाठवाचं हाये. आपले साहेब वाचले पायजेत."

मी वाचलं.

"आम्ही खाली अंगठे करणार लिहून देतो की, हेडलुंड साहेब सोळा वर्षांपासून आमच्या गावात असून त्यांनी आमच्या एकाही लेकराला ख्रिस्ती केलेलं नाही. कोणी आपणहून व्हायला गेला तर त्याला कारण विचारून परत पाठवलं. अकरा जण तयार होते ते बौद्ध झाले, तरी साहेबांनी राग धरला नाही, चहा पाजला. हौदात पोरं पोहतात, दुसरं काही करत नाहीत, ही आमची खात्री आहे. असा पाद्री दुसरीकडे मिळणार नाही. हुजुरांनी निर्धास्त असावं."

"काहून, चांगलं नाई जमलं?" किसनने विचारलं.

"चांगलं आहे," मी म्हणाले.

तो गेल्यावर राहेलबाई पदराला हात पुसत आल्या. मी त्यांना वाचून दाखवलं. "हे गेलं तं शाळा गेली," त्या म्हणाल्या. "बाई, इंग्रजी तुमच्याशिवाय कोनाले समजते? लिहा ना दुसरं काही."

मी लिहिलं. मला ते येत होतं. काही न सांगता सुंदर इंग्रजी कसं लिहायचं, हेच मला शाळेत दहा वर्षं शिकवलं होतं. साहेबांची अढळ निष्ठा, लेकरांवरची माया, परिसरावर पडलेला पवित्र प्रभाव. एक वाक्यही खोटं नव्हतं आणि एकही किसनचं नव्हतं. पत्रं साहेबांच्या सहीच्या चळतीत जात, म्हणून हेही तिथे गेलं, आणि साहेबांनी ते वाचलं.

"फार छान हाये," ते म्हणाले. "कोन मेलं?"

मी मूळ कागद पुढे केला. त्यांनी तो खिडकीजवळ नेऊन वाचला. पहिल्यांदा त्यांची मान लाल झाली, मग खांदे हलायला लागले, मग ते खुर्चीत बसले आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. "हुजुरांनी निर्धास्त असावं," ते पुन्हा पुन्हा वाचत होते. "सोळा वर्षांत माझं काम इतकं नीट कोनी लिहिलं नाई. मलेही जमलं नसतं. एक अक्षर बदलू नको. जसंच्या तसं कर."

"शाळा जाईल," मी म्हणाले. त्यांच्यापुढे आपणहून बोललेलं ते माझं पहिलं वाक्य असावं.

त्यांचं हसू थांबलं. बाहेर मधली सुट्टी होती. शांता आता चौदा वर्षांची झाली होती, सहावीत होती. ती चिंचेखाली कोणाला तरी ओरडून काहीतरी पटवून देत होती.

"जाईल," ते म्हणाले.

"मग?"

"अंगठे ह्या कागदावर हायेत. तू लिहिलं त्याच्यावर नाई. दुसरं पाठवलं तं त्याईचे अंगठे चोरल्यासारखं होते." मग म्हणाले, "आजवर ह्या लोकांनी जेवढे अर्ज केले, ते स्वतःसाठी केले, आन सारे परत आले. हा पयला दुसऱ्यासाठी हाये. हा तं पोचला पायजे."

मी टाइप केलं. एका ठिकाणीही सौम्य केलं नाही. 'चहा पाजला' सुद्धा ठेवलं. राहेलबाई महिनाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. आमटी मात्र वाढत, जरा उंचावरून.

उत्तर फाल्गुनात आलं. फार सभ्य होतं. साहेबांच्या दीर्घ सेवेबद्दल आभार, परतीच्या प्रवासाची व्यवस्था, आणि एप्रिलअखेर शाळा बंद.

किसन आला तेव्हा मी तिथेच होते. "साहेब, आमच्या अर्जाचं काय झालं?"

"पोचला. पुरा वाचला त्याईनं. फार परिनाम झाला."

"आळ गेला?"

"साफ गेला. आता मले आराम देऊन राह्यले."

"आन शाळा?"

"ते वेगळं हाये," साहेब म्हणाले. "पैशाचं. अमेरिकेतलं." हेडलुंड साहेबांना खोटं बोलताना मी एवढं एकदाच ऐकलं. त्यांना ते चांगलं येत नव्हतं, पण किसनने त्यांच्याकडून कधी ऐकलेलं नसल्यामुळे त्याला ओळखता आलं नाही.

उरलेले दोन महिने साहेब सायकलवर दारव्ह्याच्या कचेरीत खेटे घालत होते. गावातली शाळा सातवीपर्यंत वाढवून घेतली, आणि पहिल्या दिवशी स्वतः मुलींना घेऊन गेले. गुरुजींच्या समोर, पहिल्या रांगेत, तरटावर मांडी घालून बसले. गुडघे फळ्यापर्यंत आले असतील. गुरुजींना वाटलं, तपासणी आहे. मुली त्यांच्या दोन्ही बाजूंना बसल्या. सगळ्या टिकल्या नाहीत. नऊ जणी टिकल्या. पुढच्या वर्षी शांता तिथूनच सातवी पास झाली.

साहेब निघाले तो दिवस बाजाराचा होता. दारव्ह्याच्या एस.टी. स्टँडवर सगळी वस्ती. सेक्रेटरी किल्ल्या ताब्यात घ्यायला जीप घेऊन आले होते. त्यांनी साहेबांना यवतमाळपर्यंत सोडतो म्हटलं, साहेब म्हणाले, तिकीट काढलं आहे. राहेलबाईंनी भाकऱ्यांचं फडकं त्यांच्या हातात दिलं आणि तोंड फिरवून उभ्या राहिल्या. त्या राजूरला लेकीकडे जाणार होत्या.

किसनने साहेबांना हार घातला. मग सदऱ्याच्या खिशातून अर्जाची नक्कल काढली, साहेबांच्या पेटीवर उभा राहिला, आणि बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात वाचायला लागला. साहेबांनी टोपी काढून हातात धरली. चर्चमध्ये आशीर्वादाच्या वेळी ते असेच उभे राहत. 'एकाही लेकराला ख्रिस्ती केलेलं नाही' या वाक्याला टाळ्या पडल्या. बसमधल्या लोकांनीही वाजवल्या, त्यांना काय चाललंय ते माहीत नव्हतं तरी.

सेक्रेटरी माझ्याकडे झुकले. काय म्हणतोय तो, त्यांनी विचारलं. तेव्हा मी सांगितलं. प्रत्येक वाक्य, नीट, त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. त्यांनी ते आधी वाचलेलं होतं. तरी ते ऐकत राहिले, आणि मधे कुठेतरी त्यांनीही हॅट काढली.

साहेब बसमध्ये चढले. ड्रायव्हरने बटण दाबलं, गाडी खोकली आणि गप्प झाली. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. कंडक्टर दारातून ओरडला, "उतरा, धक्का मारा."

पहिले उतरले ते साहेब. गळ्यात झेंडूचा हार, काखेत भाकऱ्यांचं फडकं. ते मागे गेले आणि पत्र्याला दोन्ही हात लावले. त्यांच्या बाजूला किसन, मग वस्तीतले बाप, मग बाजारातली चार माणसं, मग शांता आणि तिच्या मैत्रिणी. साहेबांनी आपल्या स्वीडनच्या भाषेत एक, दोन, तीन मोजलं. गाडी हलली. सगळे ढकलत रस्त्यापर्यंत गेले, हसत, एकमेकांना शिव्या देत, पायांत पाय अडकत. इंजिन धडधडायला लागलं आणि गाडी निघाली ती थांबेना. ड्रायव्हरला भीती, थांबलो तर पुन्हा बंद पडेल.

"साहेब, पळा," किसन ओरडला.

साहेब पळाले. साठीचा माणूस, आखूड पायजमा, मागे उडणारा हार. कंडक्टरने दारातून हात बाहेर काढला होता. साहेबांनी तो धरला, एक पाय पायरीवर ठेवला, दुसरा थोडा वेळ हवेत होता, आणि मग तोही वर गेला.